गरम झाल्यावर मोटरसायकल सुरूच होत नाही? बिघाड शोधायचा कसा

सकाळी एका किकमध्ये सुरू होणारी गाडी. तासभर चालवता, कुठेतरी थांबता, दहा मिनिटांनी परत येता आणि गाडी ढिम्म. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, किक मारून घाम फुटतो. अर्ध्यापाऊण तासाने सहज म्हणून बटण दाबावं तर काही झालंच नव्हतं अशा थाटात इंजिन सुरू! गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती आणखी थंड होते. मेकॅनिक दोनदा चालूबंद करून बघतो, प्लग बदलतो, कार्बोरेटर साफ करतो आणि गाडी परत देतो. पुढच्या लांबच्या फेरीला पुन्हा तेच.

हा बिघाड फक्त गाडी गरम असतानाच हजर असतो, आणि सगळी गोची तिथेच आहे. थंड गाडी तपासली की सगळं ठीक दिसतं, मग अंदाजाने एकेक भाग बदलत बसायची वेळ येते. माझ्या गाडीचं हे प्रकरण निस्तरल्यापासून माझं मत पक्कं झालंय की शोध घ्यायचा तो गाडी रुसलेली असताना, जागेवर, पहिल्या दहा मिनिटांत. त्याला मोठं ज्ञान लागत नाही. आधी काय बघायचं आणि नंतर काय, हा क्रम मात्र डोक्यात हवा.

खालचं सगळं मुख्यतः एका सिलिंडरच्या, एअरकूल्ड गाडीला धरून लिहिलं आहे. कार्बोरेटर आणि इंजेक्शन या दोन्हींसाठी वेगळ्या पायऱ्या दिल्या आहेत.

आधी एवढं समजून घ्या

इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात: ते पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, वेळेवर करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) पडला पाहिजे, पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात आली पाहिजे आणि कॉम्प्रेशन हवं. गरम झाल्यावर यातली एखादी जाते. कोणती जाते, तेवढंच शोधायचं आहे.

इंजिन बंद केलं की लगेच सगळं थंड व्हायला लागतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात काही भाग आणखी तापतात. चालत्या गाडीला वारा लागत असतो आणि आत येणारं पेट्रोल कार्बोरेटरला गार ठेवत असतं. गाडी थांबली की दोन्ही बंद. हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या भागात) साठलेली उष्णता मग आजूबाजूला पसरते: कार्बोरेटरकडे, पेट्रोलच्या पाईपकडे, टाकीखालच्या इग्निशन कॉइलकडे (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज बनवणारा भाग). पेट्रोलमधले हलके घटक तर ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्यामुळे गाडी चालताना उत्तम आणि थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बेकार, हे अगदी शक्य आहे.

म्हणून हत्यारं काढण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. गाडी चालता चालता आपोआप बंद पडली, की तुम्ही चावीने बंद केली आणि नंतर सुरू होईना? आणि बंद केल्या केल्या लगेच बटण दाबलं तर सुरू होते का?

चालता चालता बंद पडत असेल तर माझा पहिला संशय करंटवर, दुसरा टाकीच्या झाकणावर. लगेच सुरू होते पण पंधरा मिनिटांनी होत नाही, असं असेल तर पेट्रोल उकळतंय किंवा ओव्हरफ्लो होतंय, म्हणजे गरजेपेक्षा जास्त आत साचतंय. लगेचही नाही, पंधरा मिनिटांनीही नाही, पार थंड झाल्यावरच सुरू होते, असं असेल तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) किंवा कॉइल. हे ठोकताळे आहेत, पुरावे नव्हेत; पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

जवळ काय असावं

गाडीवर नेहमी:

- प्लगपाना आणि त्याच नंबरचा एक चांगला प्लग
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बॅटरीच्या टर्मिनलला बसणारा पाना
- जाड हातमोजे, जुनं सुती फडकं, पाण्याची बाटली, टॉर्च
- सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तीन आकड्यांचा फोटो: प्लगचा गॅप, कॉइलचे ओहम आणि टॅपेटचा गॅप

घरी: फिलर गेज (बारीक गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), हेअर ड्रायर आणि जमलं तर मागून आणलेला कॉम्प्रेशन गेज.

सायलेन्सर आणि हेडला उघडा हात लावू नका. पेट्रोल सांडलेलं असेल तर ते पुसून, वाफ उडून जाईपर्यंत करंट तपासू नका. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी कधीच ओतू नका. धातू एकदम आकसून तडा जाऊ शकतो.

१. आधी क्षुल्लक गोष्टी उरका

किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा दिवा, पेट्रोल कॉक, टाकीतलं पेट्रोल. वाचताना हसू येईल, पण वैतागलेला माणूस नेमकं हेच बघायचं विसरतो. साइड स्टँडचा स्विच तर इंजिनखालच्या धुळीत आणि उष्णतेत बसलेला असतो. तो अधूनमधून दगा देतो आणि लक्षणं हुबेहूब मोठ्या बिघाडासारखी दिसतात.

किक खालीच जात नसेल, घट्ट अडकली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. जोर लावू नका. इंजिन ऑइलची पातळी बघा आणि गाडी उचलून न्या. ते प्रकरण वेगळं आहे.

२. सेल्फ नीट फिरतोय का, ते ऐका

बटण दाबल्यावर नुसती टकटक होते, की इंजिन कण्हत कण्हत फिरतं, की नेहमीच्या वेगाने फिरतं पण पेट घेत नाही? तिसरा प्रकार असेल तर थेट पायरी ३ कडे जा.

टकटक किंवा मंद फिरणं असेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. १२ च्या जवळ आली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आता मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीत दम नाही किंवा स्टार्टर मोटर फार करंट ओढतेय.

आकडा ११ च्या वर राहिला आणि तरी इंजिन मंद फिरत असेल तर मधल्या वायरींकडे बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी स्टार्टर मोटरच्या नटावर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रिले, वायर किंवा जोड यांत कुठेतरी करंट अडतोय. निगेटिव्ह आणि इंजिनची मोकळी धातू यांच्यात तीच चाचणी केली की अर्थिंग कळतं, तिथे ०.३ व्होल्टही जास्तच. वायर गरम झाली की तिचा विरोध वाढतो, म्हणून थंड असताना कसंबसं निभावणारं गंजलेलं टर्मिनल गरम असताना हात वर करतं.

वायरी ठीक निघाल्या तर स्टार्टरचे ब्रश. आणि सेल्फची मोटर घूंऽऽ करून फिरतेय पण इंजिन फिरतच नाही, तेही फक्त गरम असताना, असं झालं तर स्टार्टर क्लच घसरतोय.

धक्का देऊन, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चटकन सुरू होत असेल तर दोष बहुधा याच बाजूचा. पण एक मेख आहे. अर्धवट खराब झालेली पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची तो सिग्नल देणारी) मंद फिरण्यात सिग्नल देत नाही आणि जोरात फिरवल्यावर देते. त्यामुळे धक्क्याने सुरू झाली म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नका.

चार्जिंगही एकदा बघून घ्या: इंजिन चालू, रेस मध्यम, बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट. कमी असेल तर बॅटरी प्रवासात भरतच नाही.

३. टाकीचं झाकण उघडा

सर्वांत सोपी चाचणी. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणात बारीक भोक किंवा वाट असते. ती धुळीने बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोलची धार आटते. गाडी वीस-तीस मिनिटं छान चालते, मग लोड घेईनाशी होते, बंद पडते. थोडा वेळ उभी ठेवली की हवा झिरपून आत येते आणि पुन्हा सुरू. माणसाला वाटतं गाडी तापली म्हणून बंद पडली. उष्णतेचा इथे काही संबंधच नसतो.

बंद पडल्यावर झाकण उघडताना कान द्या. आत हवा ओढली जाण्याचा 'फुस्स' आवाज झाला आणि झाकण सैल ठेवून गाडी सुरू झाली तर शोध संपला. बाहेर वाफ सुटण्याचा आवाज मात्र वेगळा. तापलेल्या टाकीत तो सहसा येतोच, त्याचा बाऊ नको. टँक बॅग किंवा कव्हर बसवल्यामुळेही हे भोक झाकलं जातं.

४. करंट बघा, आणि तो आत्ताच बघा

इथे थोडा वेळ द्या. निम्मी कोडी याच पायरीवर सुटतात.

बहुतेकजण लगेच प्लग काढायला घेतात. मी तसं सुचवणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग जोर लावून काढला तर आटे जायची भीती असते. शिवाय प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फवारली जाते, आणि तिच्याशेजारीच तुम्ही ठिणगी पाडणार! त्यापेक्षा प्लग हेडमध्ये राहू द्या. फक्त कॅप ओढून काढा, तिच्यात जवळचा जादा प्लग घाला आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा. प्लग धातूला टेकलेला नसताना सेल्फ मारला तर उच्च दाबाचा करंट भलतीकडे वाट शोधतो आणि सीडीआय (ठिणगीचं नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो. धरायला हातमोजा किंवा रबरी मुठीची पक्कड घ्या.

आता इग्निशन चालू करून सेल्फ किंवा किक मारा. ऊन असेल तर प्लगवर हाताची सावली करा, नाहीतर ठिणगी दिसत नाही.

निळसर पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी नियमित पडत असेल तर करंट ठीक धरून पुढे जा. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी असेल तर तो संशयित. अजिबात नसेल तर उत्तमच. बिघाड रंगेहाथ सापडला.

इथे एक फसगत होते. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे बाहेर दिसणारी मरतुकडी ठिणगी आत पडेलच असं नाही. गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळाला तर गॅप ६ मिमी ठेवून बघा. बरीच सर्व्हिस मॅन्युअल किमान एवढी उडी मागतात.

ठिणगी कमजोर किंवा गायब असेल तर या क्रमाने जा.

प्लग आणि कॅप: नव्या प्लगवर ठिणगी चांगली आणि जुन्यावर नाही, तर काम झालं. कॅपमध्ये बहुधा ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो; मीटर लावून बघा. कॅपजवळची वायर चिरलेली असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा फिरवून बसवा, पण वायर तेवढी लांब आहे का ते आधी पाहा.

इग्निशन कॉइल: आतल्या बारीक तारेत कुठे तुटकी जागा असेल तर थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात, गरम झाल्यावर सुटतात. इग्निशन बंद करा, फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि फक्त कॉइलवर दोन-तीन मिनिटं ठेवा. कनेक्टरला पाणी लागू देऊ नका. बाकी इंजिन तापलेलंच आहे आणि नुसती कॉइल गार केल्यावर ठिणगी परत आली, तर दुसरा साक्षीदार कशाला हवा?

पल्सर कॉइल: हिला काहीजण पिकअप कॉइल म्हणतात. ही मॅग्नेटच्या कव्हरमध्ये, इंजिनच्या धगीत बसलेली असते, त्यामुळे फडकं उपयोगाचं नाही. तिचा कनेक्टर शोधा, सोडवा आणि गरम असतानाच ओहम मोजा. तांब्याचा विरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे थंड असताना २०० ओहम दाखवणारी कॉइल ६० अंशांनी जास्त तापल्यावर २४५-२५० दाखवणारच. तो दोष नाही. आकडा दुपटीने वाढला, उड्या मारू लागला किंवा मीटरवर 'ओएल' (म्हणजे तारेत वाटच उरलेली नाही) आलं तर कॉइल गेली. माझ्या गाडीत हीच निघाली. थंड असताना आकडा मॅन्युअलला धरून होता, त्यामुळे गॅरेजमध्ये ती प्रत्येक वेळी पास होत गेली. गरम असताना कनेक्टर सोडवून पिना लावल्या तर 'ओएल', आणि मीटर तसाच धरून बसलो तर पंधरा-वीस मिनिटांनी आकडा हळूच परत आला.

सीडीआय सगळ्यात शेवटी. तो मीटरने खात्रीने तपासता येत नाही, तशाच मॉडेलच्या गाडीचा लावून बघावा लागतो. आधी सीडीआय बदलून बघू असं कुणी म्हणालं तर आधी वरचे तीन भाग गरम असताना मोजले का, ते विचारा.

घरी हीच चाचणी उलटी करता येते. थंड गाडीत संशयित कॉइलवर हेअर ड्रायर धरून ती तापवा आणि ठिणगी बघत राहा.

५. प्लग ओला की कोरडा?

करंट चांगला आहे आणि तरी इंजिन पेटत नाही, तर आता खरा प्लग काढा, हेड हाताला सोसवेल एवढं निवल्यावर. पाना हळू फिरवा. अडला तर थांबा, आणखी निवू द्या.

ओला आणि पेट्रोलचा भपकारा येणारा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. दहाबारा वेळा सेल्फ मारूनही ठणठणीत कोरडा म्हणजे पेट्रोल पोहोचतच नाही. काळी कोरडी काजळी म्हणजे गाडी बऱ्याच दिवसांपासून जास्त पेट्रोलवर चालतेय. एअर फिल्टर आणि चोक बघा. परत बसवताना आटे आधी हातानेच लावा.

६. कार्बोरेटरची गाडी

तापलेली गाडी सुरू होत नाही म्हणून चोक ओढणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. गरम इंजिनला जादा पेट्रोल नको असतं. पाठोपाठ दुसरी चूक म्हणजे बटण दाबता दाबता रेस पिळत बसणं; ज्या कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो तो प्रत्येक पिळण्याला आणखी एक पिचकारी मारतो.

ओल्या प्लगवर उपाय: चोक बंद, पेट्रोल कॉक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि तसाच धरून पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. थांबा, बॅटरीला श्वास घेऊ द्या, पुन्हा मारा. भरपूर हवा आत जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. इंजिन भुरभुरत पेटलं की रेस कमी करा आणि कॉक उघडा.

यावर सुरू झाली तर गाडी ओव्हरफ्लो होतेय हे ठरलं. का होतेय, ते शोधायला पुढच्या वेळी गरम गाडी थांबवताना कॉक बंद करून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी सुरू करून बघा. सहज सुरू झाली तर फ्लोटची नीडल (कार्बोरेटरच्या तळाची वाटी, म्हणजे बाऊल, भरला की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही आणि उभ्या गाडीत पेट्रोल हळूहळू आत उतरतंय. नीडल आणि तिची सीट बदला, फ्लोटची उंची मोजून घ्या. कॉक बंद ठेवूनही तोच त्रास झाला तर बाऊलमधलंच पेट्रोल उकळतंय. मग कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे का ते बघा. गाडी कुणी उघडून जोडली असेल तर तो कधीकधी परत लागतच नाही. पेट्रोलचा पाईप इंजिनच्या फिन्सना टेकत असेल तर तो वळवून घ्या.

ज्या गाडीत बंद-चालू करायचा कॉक नसतो, इंजिनच्या ओढीवर उघडणारा व्हॅक्यूम कॉक असतो, तिथे कॉकला जाणारा बारीक व्हॅक्यूम पाईप उपटून बघा. त्यात पेट्रोल दिसलं तर आतला पडदा फाटला आहे.

प्लग कोरडा असेल तर बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा, खाली डबी धरून. धार लागली आणि चालू राहिली तर पेट्रोल येतंय. दोन थेंब पडून थांबलं तर कॉकची जाळी, फिल्टर, पाईप आणि पुन्हा एकदा टाकीचं झाकण. हे गरम सायलेन्सरच्या वर करू नका, एवढं लिहायलाच हवं.

मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि हेड जोडणाऱ्या) रबराला चिरा असतील तर गरम असताना त्या उघडतात आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. रबर दोन बोटांनी वाकवून टॉर्चखाली बघा.

७. इंजेक्शनची गाडी

चावी चालू केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद येणारा पंपाचा 'झ्ंऽऽ' आवाज ओळखीचा करून घ्या. गरम असताना तो येईनासा झाला आणि थंड झाल्यावर परत आला तर पंप, त्याचा रिले किंवा कनेक्टर. बऱ्याच गाड्यांत पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप तापतात ते यामुळे.

आवाज येतोय पण गाडी पेटत नाही? बटण न दाबता चावी तीनदा चालूबंद करा, प्रत्येक वेळी पंप थांबेपर्यंत थांबून, आणि मग सेल्फ मारा. यावर सुरू झाली तर उभ्या गाडीत पेट्रोलचा दाब उतरतोय किंवा पाईपमध्ये वाफ साचतेय. दाब मोजायला गेज लागतो आणि पाईप दाबाखाली असतो, ते काम वर्कशॉपवर सोडा.

प्लग ओला असेल तर संशय इंजिनच्या तापमान सेन्सरवर. तो इंजिन किती तापलंय ते ईसीयूला (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळवतो. इंजिन तापलेलं आणि सेन्सर सांगतोय गार, तर ईसीयू बिचारा थंड इंजिनसारखं भरपूर पेट्रोल सोडतो. बहुतेक सेन्सरचा विरोध तापमान वाढलं की घटतो: थंड असताना साधारण दोन-तीन किलो-ओहम, ८० अंशांना काहीशे ओहम. तापलेल्या इंजिनवर तो अजून हजारांतच असेल तर बदला. नेमके आकडे मॅन्युअलमधून घ्या, मॉडेलनुसार फरक असतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही म्हणून सेन्सर ठीक आहे असं समजू नका. तार तुटली तर दिवा लागतो. सेन्सर चुकीचं पण शक्य वाटणारं तापमान सांगत राहिला तर ईसीयूला खोटं कळतच नाही.

दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लांब आणि किती वेळा आखूड, ते मोबाइलवर चित्रित करून ठेवा. पूर्ण रेस धरून सेल्फ मारल्यावर काही गाड्यांचा ईसीयू पेट्रोल तोडतो आणि ओव्हरफ्लो साफ होतो, सगळ्यांचा नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

क्रँक सेन्सर म्हणजे पायरी ४ मधल्या पल्सर कॉइलचा भाऊच. बहुतेक गाड्यांत तो कॉइलच्या जातीचा असतो. तेव्हा गरम असताना तसाच मोजा.

८. कॉम्प्रेशन आणि टॅपेट

करंट आहे, पेट्रोल आहे, सेल्फ जोरात फिरतोय आणि तरी गाडी सुरू होत नाही. आता हात टॅपेटकडे वळवा.

टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढा गॅप ठेवलेला असतो. व्हॉल्व्ह तापून लांबतो त्याची ती सोय. वापराने व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. संपला की गरम व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून बहुधा तोच. लक्षणं ओळखू येण्यासारखी असतात: गरम झाल्यावर आयडल डगमगतं, सिग्नलला गाडी बंद पडते, आणि किक नेहमीपेक्षा मऊ लागते. सकाळी किक मारताना पायाला जो अडथळा लागतो तो लक्षात ठेवा आणि बंद पडल्यावर ताडून बघा.

कॉम्प्रेशन गेज असेल तर प्लग काढून तो बसवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. प्लगची कॅप इंजिनला अर्थ केलेली असू द्या. एकदा थंड, एकदा गरम असं मोजा. दोन्हींतली तफावत मोठी असेल तर ती जास्त बोलकी. एकट्या आकड्याने फारसं कळत नाही.

टॅपेट मोजायचे मात्र पूर्ण थंड इंजिनवर, रात्रभर उभ्या गाडीचे. सगळ्या लेखात फक्त थंड गाडीवरच करायचं मोजमाप हे एवढंच, कारण मॅन्युअलमधले आकडे थंड इंजिनचे असतात. मॅग्नेटच्या कव्हरवरच्या खिडकीतून 'टी' ही खूण रेषेवर आणा. शेजारची 'एफ' ही खूण इग्निशनची, ती चालणार नाही. मग दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळले तर बरोबर जागा. एकही हलत नसेल तर पिस्टन दुसऱ्या फेऱ्यात असू शकतो: क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा 'टी' वर आणा.

लहान एअरकूल्ड इंजिनांत हा गॅप बहुधा ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असतो. फिलर गेजची पट्टी आत घालून ओढा. जड पुस्तकाखालून कागद ओढताना हाताला लागतो तेवढाच विरोध लागला पाहिजे. अडकली तर टॅपेट टाइट, विरोधच नाही तर सैल. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो. शिमची (चकत्या बदलून गॅप ठरवायची) पद्धत असलेल्या इंजिनात हे घरी करू नका.

टॅपेटची हलकी टिकटिक हा दोष नव्हे. आवाज घालवायला टॅपेट आवळून देणारे पुष्कळ भेटतात. गाडी गोड चालते, आणि महिन्याभराने गरम झाल्यावर सुरू होईनाशी होते. अलीकडेच टॅपेट सेट करून घेतले असतील आणि त्रास त्यानंतर सुरू झाला असेल तर पायरी ८ पहिली करा.

टॅपेट बरोबर असूनही गरम कॉम्प्रेशन कमी असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह सीट किंवा हेड गॅस्केट. तिथून पुढे इंजिन उघडण्याचं काम आहे.

९. मेकॅनिककडे जाताना

'गरम झाल्यावर सुरू होत नाही' एवढंच सांगितलंत तर तो नेहमीच्या क्रमाने प्लग आणि कार्बोरेटर करणार; त्याचाही दोष नाही. त्याऐवजी असं सांगा: गाडी चालता चालता बंद पडली, झाकण उघडून फरक नाही, नव्या प्लगवर ठिणगी नव्हती, कॉइल ओल्या फडक्याने गार केली तरी नव्हती, वीस मिनिटांनी आली. एवढ्यावर चांगला मेकॅनिक थेट मॅग्नेटचं कव्हर उघडतो. बंद पडतानाचा व्हिडिओ आणि मीटरचा फोटो जवळ असेल तर वादच उरत नाही.

एका वेळी एकच भाग बदला. तीन भाग एकत्र बदलले तर कोणामुळे सुटलं ते कळत नाही. काढलेले भाग मागून घ्या. आणि गाडी तिथे सोडणार असाल तर तापवून तपासायला सांगा.

१०. दुरुस्ती झाली का, ते तपासा

गॅरेजच्या दारात सुरू झालेली गाडी म्हणजे दुरुस्त गाडी असं धरू नका. किमान पाऊण तास, पूर्वी जिथे त्रास व्हायचा तशाच वेगात आणि तशाच गर्दीत चालवा. मग बंद करून दोन मिनिटांनी सुरू करा. पुन्हा बंद करून पंधरा मिनिटांनी सुरू करा. थोडी फिरवून आणा, बंद करा आणि अर्ध्या तासाने सुरू करा. चोक नाही, रेस नाही. दुपारच्या उन्हात केलं तर जास्त चांगलं.

तिन्ही वेळा सहज सुरू झाली तर जुना भाग टाकून द्या. एकदा जरी अडली तर पायरी ३ पासून पुन्हा सुरुवात, आणि या खेपेला बदललेला भाग नवा आहे म्हणून संशयितांच्या यादीतून वगळू नका. नव्या कॉइलही कधीकधी खराब निघतात.